खाटकाचा कुत्रा

रॉटवायलर हे नाव हल्ली कुत्रा चावल्याच्या बातम्यांतच कानावर येतं. काळा रंग, गालांवर नि छातीवर तांबूस डाग. तो मुळात कोण, ते आज आम्ही सांगतो.

दक्षिण जर्मनीत रॉटवाइल नावाचं रोमन काळातलं जुनं शहर आहे. तिथे गुरांचा बाजार भरायचा. खाटकांची गुरं हाकत न्यायची, मांसाची गाडी ओढायची, हे या कुत्र्याचं काम. लोक त्याला 'खाटकाचा कुत्रा'च म्हणायचे. म्हणजे आपल्या बैलासारखाच कष्टकरी! पुढे रेल्वे आली, गुरं डब्यांतून जाऊ लागली आणि याचं काम गेलं. १८८२ साली हाइलब्रोनच्या प्रदर्शनात या जातीचा एकच कुत्रा होता. १९१० साली पोलिसी कामासाठी त्याला मान्यता मिळाली आणि जात सावरली.

घरच्यांना जीव लावणारा, परक्याला पटकन जवळ न करणारा, असा त्याचा स्वभाव. पण दिवसभर साखळीला बांधला, माणसांत मिसळू दिला नाही, तर तो बिथरतो. चूक मालकाची, नाव खराब जातीचं! मार्च २०२४ मध्ये केंद्रानं २३ जातींवर बंदी घालायला राज्यांना कळवलं, त्यात हाही होता. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं ते पत्रक रद्द केलं. आम्हालाही सरसकट बंदी पटत नाही. मात्र फिरायला नेताना पट्टा मुलांच्या हाती देऊ नका. मोठा नर पन्नास किलोचा असतो, त्यानं हिसका दिला की मूल फरफटत जाईल.