पेंटबॉल मार्करमधून हवा गळतेय? आधी आवाज कुठून येतो ते शोधा

मार्करला सिलिंडर लावला आणि ‘फुस्स’ असा आवाज सुरू झाला, की बरेच जण लगेच ॲलन की घेऊन मार्कर उघडायला बसतात. माझ्याकडे असे अर्धवट उघडलेले मार्कर बरेचदा येतात. खरं तर हवा कुठून बाहेर पडते हे कळलं की कोणता सील गेलाय हे जवळपास कळतंच. म्हणून पाना नंतर, आधी एका वाटीत साबणाचं पाणी आणि एक जुना ब्रश घ्या.

त्याआधी थोडं दाबाबद्दल. कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. पेंटबॉलच्या हवेच्या सिलिंडरमध्ये ३००० किंवा ४५०० पीएसआय असते. सिलिंडरच्या तोंडावरचा रेग्युलेटर ती ८०० च्या आसपास आणून मार्करला देतो. टिपमन ९८ सारखा साधा मार्कर एवढ्याच दाबावर चालतो. प्लॅनेट एक्लिप्सच्या ईमेकसारख्या मार्करमध्ये आणखी एक रेग्युलेटर असतो, तो दाब दीडशेच्या आसपास खाली आणतो. त्यामुळे डोळ्यांवर मास्क हवाच, गळती तपासतानासुद्धा. हॉपर काढून ठेवा आणि बॅरलवर कव्हर लावा.

सिलिंडर जिथे जोडतो तिथे बुडबुडे

सगळ्यात जास्त गळती इथेच सापडते आणि दुरुस्ती सगळ्यात स्वस्त. घरच्या गॅस सिलिंडरच्या व्हॉल्वमध्ये छोटी रबरी रिंग असते ना, तशीच ओ-रिंग इथे असते. तिचा नंबर ०१५. दुकानात ‘पॉलियुरेथेन, ९० कडकपणा’ असं सांगून मागा. साधी मऊ काळी रिंगही बसते, पण ती लवकर फाटते. दहा-बारा एकदम घेऊन किटमध्ये टाका.

बॅरलमधून हवा येते

टिपमन किंवा स्पायडर जातीच्या मार्करमध्ये हॅमर पुढे असताना सिलिंडर लावला, तर हॅमर व्हॉल्वच्या दांडीवर टेकलेला असतो आणि हवा बॅरलमधून निघून जाते. हा बिघाड नव्हे. मार्कर कॉक करा, मग सिलिंडर लावा. सिलिंडर संपत आला असेल तरी असंच होतं, कारण व्हॉल्व घट्ट मिटवायला पुरेसा दाबच उरत नाही.

कॉक करून, भरलेला सिलिंडर लावूनही आवाज येत असेल तर संशय कप सीलवर. हा व्हॉल्वच्या आतला छोटा टोपीसारखा भाग, हवेचा दाबच त्याला जागेवर दाबून धरतो. त्याच्या तोंडावर चरा, रंगाचा कण किंवा एखादा केस जरी असला तरी हवा निसटते. आधी स्वच्छ पुसून बघा. चरा दिसला तर सील बदला, पॉलिश पेपरने घासू नका. व्हॉल्वची धातूची कड खराब असेल तर नवा सीलही टिकणार नाही, तेव्हा व्हॉल्वच बदलावा लागतो.

ईमेकमध्ये कप सील नसतो, तिथे बोल्टच व्हॉल्वचं काम करतो. म्हणजे बोल्टवरच्या ओ-रिंग तपासायच्या. पण थांबा, इथेच लोक फसतात. ओ-रिंग नव्या टाकल्या तरी हवा येतच राहते, कारण खरा दोष रेग्युलेटरमध्ये असतो.

रेग्युलेटर: दोन वेगळे दोष

रेग्युलेटरच्या आत एक पिस्टन असतो. स्प्रिंग त्याला उघडा ठेवते, पुढचा दाब वाढला की तो मागे सरकून सीटवर बसतो आणि हवा बंद होते. सीट झिजली किंवा तिच्यावर कचरा बसला, तर हवा पूर्ण बंद होत नाही. दाब हळूहळू चढत राहतो, याला ‘क्रीप’ म्हणतात. गेज असेल तर सोपं आहे. एक शॉट मारा, काटा बघा, मिनिटभर थांबा. काटा वर चढत असेल तर सीट बदला. गेज नसेल तर थोडा वेळ थांबल्यानंतरचा पहिला शॉट जास्त जोरात जातो का बघा. हे दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कारण खेळात ३०० फूट प्रति सेकंद ही वरची मर्यादा मानतात आणि समोर माणूस उभा असतो.

दुसरा दोष म्हणजे रेग्युलेटरच्या अंगावरच्या बारीक भोकातून हवा येणं. पिस्टनची ओ-रिंग गेली की असं होतं. ते भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यावर एम-सील किंवा टेप अजिबात लावू नका.

उघडताना सिलिंडर काढा, सुरक्षित दिशेला दोन-तीन वेळा ट्रिगर दाबून आतली हवा संपवा आणि मगच स्क्रू सोडा. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, स्प्रिंग आणि वॉशर कोणत्या क्रमाने होते हे नंतर आठवत नाही. नव्या ओ-रिंगला पेंटबॉलसाठीचं सिलिकॉन ग्रीस अगदी पातळ लावा. व्हॅसलिन किंवा डब्ल्यूडी-४० नको, काही रबरं त्याने फुगतात. आणि सिलिंडरच्या भरायच्या नळीला तर कुठलंच तेल लावायचं नाही. एवढ्या दाबाखाली तेल पेट घेऊ शकतं.

सिलिंडरला हात लावायचा नाही

साबणाचे बुडबुडे सिलिंडरच्या रेग्युलेटरवर किंवा बाटली आणि व्हॉल्वच्या सांध्यावर दिसले तर तिथे आपलं काम संपलं. तो जाणकार दुकानातच न्या. मार्करमधून सिलिंडर काढताना कधीकधी व्हॉल्व मार्करमध्येच अडकतो आणि बाटली त्यावरून सुटायला लागते. अमेरिकेत अशी बाटली उडून माणसं मेली आहेत. उपाय सोपा आहे. व्हॉल्व आणि बाटली दोन्हींवरून नेलपॉलिशची एक सरळ रेघ ओढा. सिलिंडर फिरवताना रेघ तुटलेली दिसली तर तिथेच थांबा, उलट फिरवून परत घट्ट करा आणि तसाच दुकानात न्या.

कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर वापरत असाल तर उन्हाळ्यात जास्त सांभाळा. २१ अंशांना त्यात सुमारे ८५० पीएसआय दाब असतो, ३१ अंशांना तो हजाराच्या पुढे जातो. मे महिन्यात नागपूरला किंवा जळगावला बंद गाडीत तो ठेवायचा विचारही करू नका.

सगळं परत बसवल्यावर साबणाचं पाणी पुन्हा एकदा फिरवा, आणि मैदानात उतरण्याआधी क्रोनोग्राफवर वेग मोजून घ्या. सील बदलला की वेग थोडा बदलतोच.