विजेची पाळी

विजेच्या गाड्या वाढल्या तर वीज पुरेल का, हा प्रश्न मोठ्या शहरांना नवा वाटत असेल, आमच्या दारव्ह्याला नाही. अपुरी वीज वाटून घेण्याचा इतिहास आपण घड्याळ पाहत जगलो आहोत.

६ जून २००५ रोजी राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण आली. तेव्हा विजेचा मोठा तुटवडा होता. पुढे भारनियमनाचे तास फीडरवरून ठरू लागले. ए पासून जी-३ पर्यंत गट पडले. जिथे गळती जास्त आणि वसुली कमी, तिथे अंधार जास्त. हिशेब सरळ दिसतो. पण वेळेवर बिल भरणारी विधवा आणि तारेवर आकडा टाकणारा तिचा शेजारी, दोघे एकाच फीडरवर. शिक्षा दोघांना सारखीच! जून २००६ मध्ये पुण्याने वेगळी वाट काढली. कारखान्यांनी आपली जनित्रे चालवली, मोठ्या ग्राहकांनी जादा आकार सोसला. ऐपत असलेल्या शहराला ते जमले.

शेतीच्या वाट्याला आली पाळी. थ्री फेज वीज कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास. जाळे वाचले, पण साप-विंचवाच्या भीतीत ओलिताला जागला तो शेतकरी.

आता गाड्यांचे पाहू. इथे अडचण आधी डीपीवर येते. १०० केव्हीएच्या डीपीवर ३.३ किलोवॅटचे ३० चार्जर संध्याकाळी एकदम लागले, तर घरांसाठी काही उरत नाही. तेच चार्जर पाळीने लागले तर तीच डीपी निभावून नेते. म्हणून वेळेनुसार दर आले. १ जुलै २०२५ पासून टीओडी मीटरवाल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ सवलत आहे, कारण सौर वीज दिवसा मिळते.

पण दिवसा ई-रिक्षा रस्त्यावर असते. स्वस्त तासांचा फायदा दारात गाडी उभी असणाऱ्याला. भाडे मारून रात्री घरी येणाऱ्याला नाही. पाळी लावणे गरजेचेच आहे, पण तिचा भार कोणावर पडतो हेही पाहिले पाहिजे. रिक्षा स्टँडजवळ दुपारच्या नमाजच्या, जेवणाच्या सुट्टीत चार्जिंगची सोय झाली, तर जाळेही वाचेल आणि रोजीही.

आपल्याकडे हुकूकुल इबाद म्हणतात, म्हणजे माणसांचे माणसांवरचे हक्क. एका डीपीवरचे सगळे एकमेकांचे हमसाये, म्हणजे शेजारीच आहेत.