राष्ट्रपतींची सही

नागरिकशास्त्राच्या तासाला राष्ट्रपतींचा धडा आला की उर्दू शाळेतील मुले हमखास एक प्रश्न विचारतात. वजीर-ए-आझम देश चालवतात, अदालत इन्साफ करते, फौज सरहद्द सांभाळते; मग सदर-ए-जम्हूरिया करतात तरी काय? पुस्तकातील उत्तर लांबलचक आहे. आम्ही शिक्षक मंडळी ते फळ्यावर लिहून देतो, मुले उतरवून घेतात आणि परीक्षा झाली की विसरून जातात. थोडक्यात सांगायचे तर राष्ट्रपती सही करतात, असे म्हटले की वर्गात हशा पिकतो. सही तर हेडमास्तरही करतात!

पण ही सही काय चीज आहे, हे पाहायला दिल्लीला जाण्याची गरज नाही. आम्ही राहतो ते कसारा म्हणजे मुंबईच्या लोकलचे शेवटचे स्टेशन. इथून पुढे घाट लागतो आणि गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन जोडावे लागते. आमचा शहापूर तालुका हा राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील 'अनुसूचित क्षेत्र' आहे. असे क्षेत्र कोणते, हे विधानसभा ठरवत नाही की कलेक्टर ठरवत नाहीत. ते राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरते. महाराष्ट्रापुरता असा आदेश २ डिसेंबर १९८५ रोजी निघाला, तेव्हा ग्यानी झैलसिंग राष्ट्रपती होते. त्यात शहापूर तालुका संपूर्ण आला. शेजारच्या मुरबाडमधली मात्र ठरावीक गावेच आली. म्हणजे दोन शेजारी गावांपैकी एक आत आणि एक बाहेर, असाही प्रकार झाला. २०१४ साली ठाणे जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, जव्हार-मोखाडा पालघरकडे गेले, पण आदेशाची रेघ पुसली गेली नाही. १९९६ चा पेसा कायदा, ग्रामसभेचा अधिकार, आदिवासीची जमीन हडपली जाऊ नये म्हणून असलेली बंधने, हे सारे त्या रेघेला टेकून उभे आहे. तानसा-भातसाचे पाणी मुंबईला पोहोचते, तालुक्यातल्या कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे खरेच आहे. कागदावरचा हक्क आणि घागरीतले पाणी यांत अंतर असते. तरी ठाकूर, कातकरी, महादेव कोळी माणसाला ग्रामसभेत उभे राहून जे बोलता येते, त्यामागे एक सही आहे.

आपल्या समाजात पंधरा ऑगस्टच्या भाषणांत चार नावे फार अभिमानाने घेतली जातात. डॉ. झाकिर हुसेन, न्या. हिदायतुल्ला, फखरुद्दीन अली अहमद आणि डॉ. कलाम. यांतील तिघे निवडून आलेले राष्ट्रपती, एक काळजीवाहू. 'आपले' चार जण त्या खुर्चीवर बसले, एवढे सांगून भाषण संपते, टाळ्या पडतात. ते बसले हे ठीक, पण बसून त्यांनी सही कशावर केली आणि करताना काय विचारले, हे कोणी सांगत नाही. आम्हाला वाटते, माणसाची पारख तिथे आहे.

घटनेच्या साठाव्या कलमात राष्ट्रपतींची शपथ दिली आहे. मंत्री शपथ घेतात ती घटनेशी निष्ठा राखण्याची. राष्ट्रपती त्याहून जड ओझे उचलतात. घटनेचे आणि कायद्याचे रक्षण करीन आणि लोकांच्या सेवेला वाहून घेईन, असे ते म्हणतात. निष्ठा राखणारा आणि राखण करणारा यांत फरक आहे. आपल्या भाषेत सांगायचे तर घटना ही त्यांच्याकडे सोपवलेली अमानत असते.

झाकिरसाहेबांबद्दल आम्ही थोडेच लिहितो, कारण शिक्षक म्हणून आम्ही त्यांच्या बाजूने झुकलेले आहोत! उर्दू शाळेतील पोरांना ते राष्ट्रपती म्हणून नव्हे, तर 'अब्बू खाँ की बकरी' लिहिणारे म्हणून ठाऊक असतात. बी.एड. करणाऱ्याला ते १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेमुळे भेटतात, कारण नयी तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन आलेला हा माणूस जामियाच्या ओढगस्तीच्या काळात दोन दशकांहून अधिक वर्षे तिथे टिकून राहिला. १३ मे १९६७ रोजी ते राष्ट्रपती झाले आणि ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच मरहूम झाले. तोवर कोणताही राष्ट्रपती पदावर असताना गेलेला नव्हता. देशापुढे एक नवाच पेच उभा राहिला, आणि त्या पेचातून आमच्या महाराष्ट्राशी नाते असलेला माणूस पुढे आला.

मोहम्मद हिदायतुल्ला यांचे शिक्षण रायपूर, नागपूरचे मॉरिस कॉलेज आणि पुढे केंब्रिज येथे झाले. वडील खानबहादूर हाफिज विलायतुल्ला सरकारी अधिकारी आणि उर्दूचे शायर. १९३० साली हिदायतुल्लांनी नागपुरात वकिली सुरू केली, तिथल्याच लॉ कॉलेजात शिकवले, मध्य प्रांत-वऱ्हाडचे अ‍ॅडव्होकेट जनरल झाले, १९४६ मध्ये नागपूर हायकोर्टाचे न्यायाधीश आणि १९५४ मध्ये मुख्य न्यायाधीश झाले. राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा ते मध्य प्रदेशाच्या हायकोर्टात गेले, पण घडण नागपूरची. फेब्रुवारी १९६८ मध्ये ते भारताचे सरन्यायाधीश झाले. त्या जागी बसलेले ते पहिले मुसलमान.

झाकिरसाहेबांनंतर उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. पण गिरींना स्वतःच निवडणूक लढवायची होती. त्यांनी २० जुलै १९६९ रोजी राजीनामा दिला. राष्ट्रपती नाही आणि उपराष्ट्रपतीही नाही, अशा वेळी काय करायचे, हे घटनेने संसदेवर सोपवले होते. संसदेने मे महिन्यातच तसा कायदा करून ठेवला होता की, दोन्ही जागा रिकाम्या असतील तर सरन्यायाधीशांनी काम पाहावे. त्याप्रमाणे हिदायतुल्ला राष्ट्रपती भवनात आले. (त्याच रात्री माणूस चंद्रावर उतरला, त्यामुळे या बदलाकडे कितीजणांचे लक्ष गेले असेल कोण जाणे.) २४ ऑगस्टपर्यंत, म्हणजे अवघे पस्तीस दिवस ते तिथे होते. एवढ्यात अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन दिल्लीला येऊन गेले, त्यांचे स्वागतही यांनीच केले.

पण त्या पस्तीस दिवसांतली मोठी गोष्ट निक्सन नव्हते. इंदिरा गांधींच्या सरकारने १९ जुलैला चौदा बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम काढला होता. त्यावर गिरींची सही होती. त्याला लगोलग सर्वोच्च न्यायालयात आव्हान मिळाले. दरम्यान संसदेने वटहुकमाच्या जागी कायदा संमत केला, आणि ९ ऑगस्टला त्यावर सही केली ती हिदायतुल्लांनी. पेच लक्षात घ्या. ज्या न्यायालयाचे ते प्रमुख होते, त्याच न्यायालयात त्यांनी सही केलेला कायदा तपासला जाणार होता. आपल्याकडे सोसायटीचा चेअरमन स्वतःच्याच हिशेबाचे ऑडिट करतो आणि कोणाला त्यात वावगे वाटत नाही! कूपर खटला म्हणून गाजलेले ते प्रकरण अकरा न्यायाधीशांपुढे चालले. सरन्यायाधीशपदी परतलेले हिदायतुल्ला त्या अकरांत नव्हते. पीठाचे प्रमुख होते न्या. जे. सी. शहा. १० फेब्रुवारी १९७० रोजी दहा विरुद्ध एक मतांनी तो कायदा रद्द झाला. हिदायतुल्लांनी सही केलेला कायदा त्यांच्याच सहकाऱ्यांनी रद्द केला आणि आभाळ कोसळले नाही. सरकारने नवा कायदा केला, बँका सरकारी झाल्या.

इथवर कोणी म्हणेल की, सही केली आणि बाजूला झाले, यात जबाबदारी कोणती? उत्तर त्याच वर्षाच्या शेवटी मिळते. संस्थानिकांचे तनखे बंद करण्याची घटनादुरुस्ती सप्टेंबर १९७० मध्ये राज्यसभेत थोडक्यात पडली. लगेच दुसऱ्या दिवशी सरकारच्या सल्ल्याने राष्ट्रपती गिरींनी आदेशावर सही केली आणि देशातील सर्व संस्थानिकांची मान्यता एका फटक्यात काढून घेतली. राजेरजवाड्यांच्या तनख्याबद्दल आम्हाला काडीचीही माया नाही. प्रश्न वेगळा होता. जे संसदेत मिळाले नाही, ते राष्ट्रपतींच्या सहीने मिळवता येते काय? या वेळी पीठाचे प्रमुख स्वतः हिदायतुल्ला होते. १५ डिसेंबर १९७० रोजी बहुमताने निकाल लागला, राष्ट्रपतींचा आदेश रद्द. त्या बहुमतात त्यांचे स्वतंत्र निकालपत्र आहे. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले. तनखे १९७१ मध्ये रीतसर घटनादुरुस्ती करून बंद झाले, आणि ते योग्यच झाले. सोळा महिन्यांपूर्वी त्या खुर्चीवर बसून आलेल्या माणसाने त्या खुर्चीच्या सहीला हद्द आहे असे सांगितले, याचे मोल आम्हाला फार वाटते. पुढे १९७९ ते १९८४ ते उपराष्ट्रपती होते आणि १९८२ च्या ऑक्टोबरात झैलसिंग उपचारांसाठी परदेशी गेले तेव्हा पुन्हा काही दिवस त्यांनी राष्ट्रपतींचे काम पाहिले.

आता अवघड नावाकडे येऊ. फखरुद्दीन अली अहमद यांच्याविषयी आपल्या लेखनात बहुधा मौन असते. २५ जून १९७५ च्या रात्री त्यांनी आणीबाणीच्या घोषणेवर सही केली. सल्ला एकट्या पंतप्रधानांचा होता. मंत्रिमंडळाची बैठक झाली ती दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे सहीची शाई वाळल्यानंतर. डिसेंबरमध्ये अबू अब्राहम यांचे ते प्रसिद्ध व्यंगचित्र छापून आले. त्यात राष्ट्रपती स्नानाच्या टबातूनच हात बाहेर काढून वटहुकमावर सही करताना दाखवले आहेत. त्यांची बाजू घेणारे म्हणतात की, राष्ट्रपतींनी सल्ल्याप्रमाणेच वागायचे असते. खरे आहे. पण घटनेतला सल्ला मंत्रिमंडळाचा आहे. मंत्रिमंडळाला विचारले का, एवढा एक प्रश्न विचारायला घटनेची आडकाठी नव्हती. त्यानंतर दहा महिन्यांनी दिल्लीत तुर्कमान गेटला बुलडोझर चालले, सक्तीच्या नसबंदीचा वरवंटा फिरला, त्याखाली कोण आले हे वाचकांना सांगायला नको. खुर्चीवर 'आपला' माणूस होता म्हणून त्या वस्तीची एक वीटही वाचली नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले.

त्या रात्रीचे पडसाद घटनेतच उमटले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने दोन गोष्टी केल्या. आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी मिळाल्याखेरीज राष्ट्रपतींनी घोषणा करू नये, आणि कोणताही सल्ला त्यांना एकदा फेरविचारासाठी परत पाठवता यावा. ही एकदा परत पाठवण्याची मुभा किरकोळ वाटते, पण के. आर. नारायणन यांनी ती वापरली. १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात आणि १९९८ मध्ये बिहारात राष्ट्रपती राजवट लावण्याची शिफारस त्यांनी परत पाठवली.

डॉ. कलाम यांच्या बाबतीत दोन्ही पाने समोर ठेवावी लागतात. २००२ च्या गुजरातच्या दंगलींनंतर काही महिन्यांतच त्यांची निवड झाली. त्यामुळे, हे केवळ दाखवण्यापुरते आहे, असे आपल्यातलेच पुष्कळजण म्हणत होते. शपथ घेतल्यानंतर ऑगस्टमध्येच ते गुजरातला गेले, मदत छावण्यांत जाऊन लोकांना भेटले. या वेळी जाणे आवश्यक आहे का, असे पंतप्रधान वाजपेयींनी विचारल्याचे त्यांनीच पुढे लिहिले आहे. २००६ मध्ये लाभाच्या पदांचे विधेयक त्यांनी संसदेकडे परत पाठवले. संसदेने ते तसेच पुन्हा पाठवल्यावर मात्र सही केली, कारण मग दुसरा मार्ग उरत नाही.

दुसरे पान २००५ चे आहे. बिहार विधानसभा विसर्जित करण्याची शिफारस आली तेव्हा ते मॉस्कोत होते. मे महिन्यातल्या त्या रात्री तिथूनच त्यांनी सही केली. फेरविचाराची मुभा होती, ती वापरली नाही. सर्वोच्च न्यायालयाने ते विसर्जन घटनाबाह्य ठरवले. कलामांनी 'टर्निंग पॉइंट्स' या २०१२ च्या पुस्तकात लिहिले आहे की, त्यांनी राजीनाम्याचे पत्र लिहून तयार ठेवले होते, आणि पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या विनंतीवरून ते मागे घेतले. नारायणन यांनी बिहारबाबत जे केले ते त्यांच्या डोळ्यांसमोरचे उदाहरण होते. म्हणून ही सही आम्हाला जास्त खटकते. पण आपल्या सहीचा ठपका आपल्यावर येतो, असे मानणारा राष्ट्रपती आम्ही पाहिला, हेही नोंदवले पाहिजे.

आता एक जुनी सही, आपल्या जिव्हाळ्याची. राजेंद्रप्रसादांनी १९५० साली दोन आदेश काढले. ६ सप्टेंबरच्या आदेशात अनुसूचित जमातींची यादी आहे. तिला धर्माची अट नाही, म्हणून जळगावकडचे मुसलमान तडवी भिल्ल त्या यादीत आहेत. १० ऑगस्टच्या आदेशात अनुसूचित जातींची यादी आहे, आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात धर्माची अट आहे. त्यामुळे गावकुसाबाहेरचे तेच काम पिढ्यान्पिढ्या करणारा मुसलमान त्या यादीबाहेर राहिला. १९९४ नंतर महाराष्ट्रात मुस्लिम ओबीसी चळवळीने आपल्या काही बिरादऱ्यांना इतर मागास वर्गाच्या सवलती मिळवून दिल्या, पण तो दरवाजा निराळा. यादी एकदा जाहीर झाली की तीत बदल करणे राष्ट्रपतींच्याही हाती राहत नाही, संसदेचा कायदा लागतो. असा कायदा १९५६ मध्ये शिखांसाठी झाला, तेव्हाही राजेंद्रप्रसादच राष्ट्रपती होते. १९९० मध्ये तो बौद्धांसाठी झाला, त्यावर आर. वेंकटरामन यांची सही आहे. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ च्या अहवालात धर्माची अट काढून टाका असे म्हटले. पंधरा वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला.