हजार यार्ड

कणकवलीच्या आप्पासाहेब पटवर्धन चौकात उड्डाणपुलाखाली उभे राहा आणि डोक्यावरचा पूल मनातल्या मनात काढून टाका. रस्ता अरुंद होतो, धुरळा तांबडा होतो. कोकण रेल्वे अजून आलेली नाही. साल 1964, जानेवारी संपत आलाय. ज्या आप्पांचं नाव या चौकाला आहे ते सत्तरीच्या घरातले आप्पा वागद्याच्या गोपुरीत अजून राबतायत. त्यांना भेटायला तुम्हाला वेळ नाही. फोंडाघाटातून कोल्हापूरला जाणारी एसटी सुटायच्या बेतात आहे.

‘‘खंय चललास?’’ शेजारचा म्हातारा पिशवी मांडीवर घेत विचारतो.

‘‘नागालँडात.’’

‘‘थंय कित्याक?’’

उत्तर सोपं नाही. कोल्हापूर, मुंबई, कलकत्ता असा प्रवास करत, गाड्या बदलत तुम्ही ते जुळवत राहता. नागालँड हे राज्य दोन महिन्यांचंसुद्धा नाही. 1 डिसेंबर 1963 ला राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी कोहिम्यात त्याचं उद्घाटन केलं आणि शिलू आओ मुख्यमंत्री झाले. पण जंगलात दुसरं सरकार आहे. नागांचं ‘फेडरल गव्हर्नमेंट’ 1956 पासून आपला झेंडा, आपलं सैन्य आणि आपली करवसुली चालवतंय. त्यांचे नेते फिझो लंडनला आहेत. या लढाईत लष्कराने गावंच्या गावं उठवून कुंपणात आणून बसवली, धान्याची कोठारं जाळली. बंडखोरांनीही दिल्लीशी बोलणाऱ्या आपल्याच माणसांना सोडलं नाही. राज्यासाठी वाटाघाटी करणाऱ्या नागा पीपल्स कन्व्हेन्शनचे अध्यक्ष डॉ. इमकोंगलिबा आओ 1961 मध्ये मारले गेले. आणि ज्या लष्कराचे जवान त्या डोंगरांत फिरतायत त्याचे मंत्री आहेत देवराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच सह्याद्रीच्या टेबलावर नागा टेकड्यांची फाइलही आहे, हे कुणी फारसं सांगत नाही.

इनर लाइन परमिट दाखवून तुम्ही डोंगर चढता. रस्त्यात ठिकठिकाणी लष्कराची चौकी. नाव, गाव, कशाला आलात? ‘कणकवली’ हा शब्द शिपायाला लिहिता येत नाही. तुम्हीच त्याच्या वहीत लिहून देता.

वोखा. शुक्रवार, 31 जानेवारी. लोथा नागांचं हे गाव. थंडी अशी की बोटं वळत नाहीत. नागालँडच्या बॅप्टिस्ट मंडळ्यांचं अधिवेशन भरलंय आणि टेकड्याटेकड्यांवरून माणसं चालत आलीयत, हजारोंनी. आओ, अंगामी, सेमा, लोथा. एकाची भाषा दुसऱ्याला येत नाही. व्यासपीठावरचं एक वाक्य चार-पाच तोंडांतून फिरत मागच्या रांगेपर्यंत येतं. त्यामुळे इथे कुणी घाईने बोलत नाही, आणि वाक्य बोलून झाल्यावर सगळे थांबतात.

तुमच्या शेजारी लाल-काळी शाल पांघरलेली एक बाई बसलीय. तिचा धाकटा जंगलात आहे. थोरला सरकारच्या व्हिलेज गार्डमध्ये. हे ती रडत सांगत नाही. घरात किती माणसं, असं विचारल्यावर सांगावं तसं सांगते. उद्या एकाची गोळी दुसऱ्याला लागली तर दोघांवर मातीचा विधी करणारा पाळक एकच असेल.

या सभेचा सगळा अधिकार मला इथे दिसतो. सरकारला वाटलं तर ते बंडखोरांना देशद्रोही ठरवू शकतं, बंडखोर सरकारला परके ठरवू शकतात. पाळकाला ती सोय नाही. जंगलातला मुलगा त्याने बाप्तिस्मा दिलेला आणि चौकीवरचाही. म्हणून तो दोघांनाही ‘थांबा’ म्हणू शकतो. दोघांनाही ते आवडत नाही. रेव्हरंड लाँगरी आओ, रेव्हरंड केनेथ केरहुओ यांच्यासारख्या माणसांनी हा रोष वर्षानुवर्षं अंगावर घेतला. एका बाजूला ते सरकारचे हस्तक, दुसऱ्या बाजूला बंडखोरांचे सहानुभूतीदार.

रविवारी, 2 फेब्रुवारीला, ठराव होतो तो हिंसा थांबवण्याचे मार्ग शोधण्याचा. त्यात मध्यस्थ म्हणून नावं आहेत. जयप्रकाश नारायण. आसामचे मुख्यमंत्री बिमला प्रसाद चालिहा. इंग्रज धर्मगुरू मायकेल स्कॉट. आणि एक नाव ऐकून तुम्ही ताठ होता : शंकरराव देव.

होय, आपलेच शंकरराव. महाराष्ट्र काँग्रेसचे, घटना समितीचे, नंतर सर्वोदयात गेलेले. 1963 च्या मार्चमध्ये दिल्लीच्या राजघाटावरून पेकिंगला पायी निघालेल्या मैत्रीयात्रेचे प्रमुख. चीनशी युद्ध होऊन सहा महिनेही झाले नव्हते, लोकांनी वाटेत त्यांना नको नको ते ऐकवलं, तरी ते आसामपर्यंत पोहोचले. चीनने आत घेतलं नाही. अशा माणसाचं नाव नागा बॅप्टिस्टांच्या सभेत घेतलं जातं, हे पुण्या-मुंबईत किती जणांना ठाऊक असेल? प्रत्यक्षात शंकरराव मध्यस्थांच्या मंडळात आले नाहीत. उरलेल्या तिघांचं ‘पीस मिशन’ झालं.

नावांची ही निवड मला फार शहाणपणाची वाटते. स्कॉट यांनी 1960 मध्ये फिझोंना लंडनला पोहोचायला मदत केलेली. त्यांच्यावर जंगलाचा भरवसा, दिल्लीचा संशय. चालिहांवर दिल्लीचा भरवसा. जयप्रकाश कुठल्याच खुर्चीवर नव्हते. चर्चला सर्वांना आवडेल असा एक माणूस शोधता आला असता. त्यांनी तो शोधला नाही, प्रत्येक बाजूला थोडा थोडा खटकेल असा संच निवडला.

यानंतरचे महिने तुम्ही झरझर ओलांडा. मे महिन्यात बंडखोर मसुद्यावर सही करतात. 27 मे रोजी नेहरू जातात, आणि सगळं ओमफस होणार असं वाटतं. शास्त्रीजी धागा सोडत नाहीत. ऑगस्टमध्ये सरकारची सही होते.

6 सप्टेंबर 1964. पुन्हा रविवार. इथे थांबा, कारण याच दिवसासाठी तुम्ही इतक्या लांब आलात. आजपासून शस्त्रसंधी लागू आहे. कागदावर काय लिहिलंय ते नीट वाचा. लष्कर जंगलात मोहिमा काढणार नाही, छावण्यांवर छापे घालणार नाही, गावांची झडती घेणार नाही, विमानं वापरणार नाही, शिक्षा म्हणून वेठीला धरणार नाही. चौकीपासून हजार यार्डांपलीकडे गस्त घालणार नाही. बंडखोर दबा धरून गोळीबार करणार नाहीत, माणसं पळवणार नाहीत, दंड वसूल करणार नाहीत, जबरीने भरती करणार नाहीत. गणवेशात किंवा बंदूक घेऊन गावात येणार नाहीत, चौकीच्या हजार यार्डांत फिरकणार नाहीत.

स्वातंत्र्य, सार्वभौमत्व, राज्यघटना : यातलं काहीही त्या यादीत नाही. लोक ज्याने रोज मरत होते तेवढंच त्यात आहे. मोठ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत लहान मरणं थांबवता येतात, एवढं या कागदाने ओळखलं होतं. आणि त्याला धाडस लागतं, कारण दोन्हीकडचे कडवे लोक म्हणतात की मूळ प्रश्नच बाजूला पडला.

उपासना संपवून लोक बाहेर येतात. वोख्याची ती बाई तुम्हाला उताराच्या शेतावर घेऊन जाते. जंगल तोडून, जाळून पेरलेलं भात पिकायला आलंय, आपल्याकडच्या हळव्या भातासारखं. चौकी मागे राहते. ती पावलं मोजत चाललीय का, असं तुम्हाला वाटतं, पण ती नुसती चालतेय. शेताच्या वरच्या कडेला तिचा धाकटा उभा आहे, हातात काही नाही. ती त्याला हाक मारत नाही. टोपली खाली ठेवते आणि तण उपटायला लागते. तोही येऊन शेजारच्या ओळीत बसतो.

23 सप्टेंबरला कोहिम्याजवळ चेडेमा गावी बोलणी सुरू होतात. सरकारतर्फे परराष्ट्र सचिव गुंडेविया. 20 डिसेंबरला पीस मिशन आपला तोडगा मांडतं : नागांनी स्वखुशीने भारतीय संघराज्यात सहभागी व्हावं, आणि सरकारने या संबंधाचं स्वरूप त्यांच्याशी बोलून ठरवावं. तिथेच गाडं अडतं. 1966 मध्ये आसामात रेल्वेगाड्यांत स्फोट होतात, जयप्रकाश बाहेर पडतात, स्कॉट यांना देशाबाहेर काढलं जातं. इंदिरा गांधींबरोबर दिल्लीत बोलण्यांच्या सहा फेऱ्या होतात, हाती काही लागत नाही.

मग सगळं फुकट गेलं म्हणायचं? मी म्हणणार नाही. शस्त्रसंधी वाढत वाढत ऑगस्ट 1972 पर्यंत टिकली. मुख्यमंत्री होकिशे सेमांवर हल्ला झाला आणि 1 सप्टेंबरपासून सरकारने ती संपवली. ती मोडली-वाकली, दोन्हीकडून तक्रारी झाल्या, तरी ती होती. त्या रविवारी जन्मलेलं पोर एव्हाना आठ वर्षांचं होत आलं होतं. डोंगरांतल्या त्या काळात एवढं निभणं ही थोडकी गोष्ट नव्हती.

परतीच्या वाटेवर चुचुयिमलांगला जा. आपल्या डहाणूचे नटवर ठक्कर तिथे 1955 पासून गांधी आश्रम चालवतायत. त्यांना इकडे धाडलं काका कालेलकरांनी, ज्यांचं आडनाव आपल्या सावंतवाडीकडच्या कालेली गावाचं. आश्रमात तुम्ही विचाराल की आता पुढे काय. उत्तर 1974 च्या जुलैत मिळतं : चर्चचे तेच लोक ‘नागालँड पीस कौन्सिल’ काढून पुन्हा जंगलाच्या वाटेला लागतात. 11 नोव्हेंबर 1975 ला शिलाँग करार होतो. बोलणी घडवून आणणाऱ्या समितीत लाँगरी आओ आणि केनेथ केरहुओ आहेत. अनेक नागांना तो करार शरणागती वाटतो, 1980 मध्ये नवी संघटना उभी राहते, पुढे तिचे तुकडे होतात, आणि भावाभावांतच रक्त सांडतं. या वेळी मध्यस्थी सरकार आणि बंडखोरांत नाही, बंडखोरांच्या गटागटांतच करायची होती. 2008 मध्ये बॅप्टिस्ट धर्मशास्त्राचे अध्यापक वाती आएर यांच्या पुढाकाराने तेही काम हाती घेतलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी परस्परांचा जीव घेणाऱ्या गटांच्या नेत्यांनी समेटाच्या एका कागदावर सह्या केल्या.