कलात्मक गोधडीतील रंगसंगती

कलात्मक गोधडीतील रंगसंगती म्हणजे पांघरण्यासाठी नव्हे, तर चित्राप्रमाणे भिंतीवर लावून पाहण्यासाठी शिवलेल्या गोधडीत रंगीत कापडांची निवड व मांडणी करण्याची पद्धत होय. अशा गोधडीला इंग्रजीत आर्ट क्विल्ट असे म्हणतात. हा कलाप्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रामुख्याने अमेरिकेत आकाराला आला. चित्रकलेतील रंगशास्त्र आणि घरोघरच्या स्त्रियांनी पिढ्यानपिढ्या जोपासलेली तुकडे जोडण्याची परंपरा या दोन्हींचा त्यावर प्रभाव आहे.

स्वरूप

गोधडीला सामान्यतः तीन थर असतात: तुकडे जोडून केलेला वरचा दर्शनी थर, मधला कापसाचा किंवा लोकरीचा भराव आणि खालचे अस्तर. हे थर टाक्यांनी एकत्र बांधले जातात. चित्रकाराला दोन रंग एकमेकांत कालवून तिसरा रंग करता येतो. गोधडीकाराला ती सोय नसते. कापडाचा रंग आधीच ठरलेला असतो आणि दोन तुकड्यांमधील सीमा शिवणीमुळे ठळक राहते. त्यामुळे रंगांचे मिश्रण प्रत्यक्ष न होता पाहणाऱ्याच्या डोळ्यांत घडवून आणावे लागते. लहान तुकडे शेजारी-शेजारी लावणे, बारीक छापाचे कापड वापरणे आणि वरून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने दाट टाके घालणे हे त्याचे नेहमीचे मार्ग आहेत. टाक्यांमुळे पृष्ठभागावर उंचसखलपणा येतो व त्याच्या सावल्यांनी एकाच रंगाच्या कापडातही गडद-फिक्या छटा दिसू लागतात.

रंगाचे गुण

रंगाचा विचार तीन गुणांच्या आधारे केला जातो. तांबडा, निळा, हिरवा असे रंगाचे मूळ रूप म्हणजे रंगछटा. त्याचा उजळपणा किंवा गडदपणा म्हणजे छायामूल्य. आणि त्याचा भडकपणा किंवा मंदपणा म्हणजे तीव्रता. गोधडीत या तिन्हींपैकी छायामूल्याला सर्वाधिक महत्त्व आहे, कारण आकृती दुरून ओळखू येते ती गडद व उजळ भागांतील फरकामुळे. ‘लॉग कॅबिन’ हा पारंपरिक नमुना याचे स्पष्ट उदाहरण आहे. त्यात मधल्या लहान चौकोनाभोवती कापडाच्या अरुंद पट्ट्या जोडतात. चौकोनाचा एक अर्धा भाग उजळ पट्ट्यांचा, तर दुसरा गडद पट्ट्यांचा असतो. असे अनेक चौकोन निरनिराळ्या दिशांनी फिरवून लावले की त्याच तुकड्यांतून कधी तिरप्या रेषा, तर कधी एकात एक बसणारे समभुज आकार दिसतात. पट्ट्यांची रंगछटा कोणतीही असली तरी आकृतीला फारशी बाधा येत नाही. मधला चौकोन अनेकदा तांबडा असतो व तो घरातील शेगडीचे प्रतीक आहे, अशी लोकसमजूत आहे.

छायामूल्य तपासण्यासाठी कारागीर डोळे किलकिले करून कापडांकडे पाहतात किंवा मांडणीचे कृष्णधवल छायाचित्र काढतात. छायाचित्रात दोन तुकडे एकसारखेच करडे दिसले, तर रंग भिन्न असूनही त्यांच्यातील सीमा दुरून पुसट होणार, हे आधीच कळते.

रंगसंगतीचे प्रमुख प्रकार

एकरंगी संगती: एकाच रंगाच्या उजळ ते गडद छटा वापरल्या जातात. रंगात बदल नसल्यामुळे सारे लक्ष आकार व टाके यांच्याकडे जाते.

संबंधित रंगांची संगती: रंगचक्रावर लगत असलेले रंग, उदाहरणार्थ पिवळा, पोपटी व हिरवा, एकत्र येतात. एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारा क्रम साधण्यासाठी ही संगती विशेष उपयोगी पडते.

विरोधी रंगसंगती: तांबडा-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा यांसारख्या समोरासमोरच्या रंगांच्या जोड्या वापरतात. दोन्ही रंग सारख्याच प्रमाणात व सारख्याच तीव्रतेचे असल्यास सीमारेषा थरथरल्यासारखी भासते. म्हणून बहुधा एक रंग प्रमुख ठेवून दुसरा थोडा वापरला जातो.

त्रिरंगी संगती: रंगचक्रावर समान अंतरावरील तीन रंग निवडले जातात.

उदासीन रंगांची संगती: काळा, पांढरा, करडा व तपकिरी यांवर भर असतो. अशा पार्श्वभूमीवर एखादाच तीव्र रंगाचा तुकडा लक्ष वेधून घेतो.

महाराष्ट्रातील एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांना बसलेल्या विद्यार्थ्यांना यांपैकी बरेच प्रकार परिचित असतात.

शेजारच्या रंगाचा परिणाम

कोणताही रंग एकटा दिसत नाही. शेजारच्या रंगामुळे तो बदललेला भासतो. या नियमाच्या अभ्यासाचे मूळ वस्त्रोद्योगातच आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजीन शेव्रल यांची १८२४ साली पॅरिसमधील गोबेलिन्स या चित्रपट विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख म्हणून नेमणूक झाली. तेथील काळा रंग फिका दिसतो, अशी तक्रार होती. तपासणीअंती त्यांना आढळले की दोष काळ्या रंगाच्या प्रतीत नसून त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमध्ये आहे. या निरीक्षणातून त्यांनी एकाच वेळी दिसणाऱ्या रंगांच्या विरोधाचा नियम मांडला आणि १८३९ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला.

विसाव्या शतकात बाउहाउस या जर्मन कलाशाळेशी संबंधित योहानेस इटेन व जोसेफ आल्बर्स यांनी हा विचार पुढे नेला. आल्बर्स यांचा ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ हा ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. आपल्या विद्यार्थ्यांना ते रंग कालवण्याऐवजी रंगीत कागदाचे तुकडे शेजारी ठेवून प्रयोग करण्यास सांगत. कागदाऐवजी कापड घेतले की हीच रीत गोधडीला जशीच्या तशी लागू पडते.

इतिहास

पेन्सिल्व्हेनिया राज्यातील लँकेस्टर परगण्यातील आमिश समाजाच्या स्त्रियांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून केलेल्या गोधड्या रंगसंगतीच्या दृष्टीने महत्त्वाच्या मानल्या जातात. साधेपणाच्या धार्मिक आचारामुळे त्यांत छापील कापड टाळले जाई. सपाट रंगाच्या लोकरी कापडांतून मध्यभागी समभुज चौकोन, उभे पट्टे किंवा लहान चौकोनांच्या एकात एक रांगा अशा मोजक्या रचना केल्या जात. जांभळा, किरमिजी, गडद निळा, हिरवा हे रंग त्यांत निःसंकोचपणे शेजारी येतात.

१९७१ साली न्यूयॉर्कमधील व्हिटनी म्युझियम ऑफ अमेरिकन आर्ट येथे जोनाथन होल्स्टीन व गेल व्हॅन डर हूफ यांच्या संग्रहातील जुन्या गोधड्यांचे प्रदर्शन भरले. गोधड्या अंथरुणावर न ठेवता आधुनिक अमूर्त चित्रांप्रमाणे भिंतीवर लावण्यात आल्या. या प्रदर्शनाने गोधडीला कलादालनात स्थान मिळाले. मात्र तेथे गोधड्यांची निवड दृश्य रचनेच्या निकषावर झाली होती. त्या करणाऱ्या स्त्रियांचे जीवन व हेतू बाजूला पडले, अशी टीका पुढे स्त्रीवादी अभ्यासकांनी केली.

यानंतर कलाशिक्षण घेतलेले अनेक जण या माध्यमाकडे वळले. चित्रकलेचे शिक्षण घेतलेल्या मायकल जेम्स यांनी अरुंद पट्ट्या जोडून रंगांचे क्रमशः बदलणारे पडदे निर्माण केले. नॅन्सी क्रो यांनी स्वतः रंगवलेल्या सपाट रंगाच्या सुती कापडांतून मुक्तहस्ते कापलेल्या रचना केल्या. क्रो या ओहायो राज्यातील अथेन्स येथे १९७९ साली सुरू झालेल्या ‘क्विल्ट नॅशनल’ या प्रदर्शनाच्या संस्थापकांपैकी एक होत. १९८९ साली इव्हॉन पोर्सेला यांनी ‘स्टुडिओ आर्ट क्विल्ट असोसिएट्स’ ही संस्था स्थापन केली.

जीज बेंड

अलाबामा राज्यात अलाबामा नदीच्या वळणावर जीज बेंड ही वस्ती आहे. तेथील रहिवासी मुख्यत्वे गुलाम म्हणून राबवल्या गेलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज आहेत. तेथील स्त्रियांनी थंडी निवारण्यासाठी जीर्ण कामाच्या कपड्यांतून गोधड्या शिवल्या. रंगाची निवड हाती आलेल्या चिंध्यांवर अवलंबून होती: धुऊन-धुऊन विटलेले डेनिम, उसवलेल्या खिशाखाली उरलेला गडद निळा चौकोन, गुडघ्यावर पडलेला पांढुरका डाग. मिझुरी पेटवे यांनी १९४२ साली पतीच्या निधनानंतर त्याच्याच कामाच्या कपड्यांतून गोधडी शिवली. तिच्यातील फिकट निळे व तपकिरी रंग म्हणजे त्या माणसाच्या श्रमाचीच खूण होय. १९७२ साली सीअर्स कंपनीकडून उशांच्या अभ्र्यांचे काम मिळाल्यावर उरलेल्या जाड कॉर्डरॉयचे सोनेरी, हिरवे व तांबडे तुकडे वस्तीत आले आणि गोधड्यांचे रंग एकदम बदलले.

२००२ साली ह्यूस्टन येथील ललित कला संग्रहालयात व नंतर व्हिटनी म्युझियममध्ये या गोधड्या प्रदर्शित झाल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांची चित्रे असलेली तिकिटे काढली. कीर्ती वाढल्यावर मोबदला व हक्कांचा प्रश्नही उभा राहिला. २००७ साली काही कारागीर स्त्रियांनी न्यायालयात दावे दाखल केले व ते पुढील वर्षी मिटले.

व्यक्तिचित्रणातील रंग

न्यू जर्सी येथील बिसा बटलर (जन्म १९७३) कापडांतून कृष्णवर्णीय व्यक्तींची मोठी चित्रे घडवतात. त्यांसाठी अनेकदा जुन्या कृष्णधवल छायाचित्रांचा आधार घेतला जातो. चेहऱ्यासाठी त्या तपकिरीऐवजी जांभळा, निळा, तांबडा, नारिंगी अशी कापडे वापरतात. तरीही चेहरा लगेच ओळखू येतो, कारण प्रकाश व छाया यांची मूल्ये छायाचित्राशी जुळणारी असतात. छायामूल्य बरोबर असल्यास रंगछटा भावना व्यक्त करण्यासाठी मोकळी राहते, हे यातून दिसते. त्यांचे शिक्षण हॉवर्ड विद्यापीठात झाले. १९६८ साली शिकागोत उदयास आलेल्या ‘आफ्रिकोब्रा’ या कृष्णवर्णीय कलावंतांच्या गटाच्या भडक रंगविचाराचा वारसा त्यांना तेथील अध्यापकांकडून मिळाला.

रंगाई व टिकाऊपणा

१९५६ साली आयसीआय या ब्रिटिश कंपनीने प्रोसियन रंग बाजारात आणले. हे रंग सुती धाग्याशी रासायनिक बंध निर्माण करतात व धुण्याच्या सोड्याच्या साहाय्याने थंड पाण्यातही बसतात. त्यामुळे कलावंतांना घरच्या घरी एकाच रंगाच्या क्रमवार छटा तयार करता येऊ लागल्या. मात्र कोणताही रंग प्रकाशापुढे पूर्णपणे अविकारी नसतो. एकोणिसाव्या शतकातील काही हिरवी कापडे कालांतराने पिवळट-तपकिरी झाली, तर मंजिष्ठावर्गीय वनस्पतीपासून केलेला टर्की रेड टिकून राहिला. लोहयुक्त तपकिरी व काळ्या रंगांनी काही ठिकाणी कापडच कुजवले. म्हणून संग्रहालयांत गोधड्यांवरील प्रकाश सामान्यतः ५० लक्सच्या आसपास ठेवतात व त्या मर्यादित काळच प्रदर्शित करतात. मूळ रंगसंगती पुष्कळदा शिवणीच्या आत दुमडलेल्या कापडावरूनच समजते.

महाराष्ट्र व गोव्यातील परंपरा

महाराष्ट्रातील गोधडी किंवा वाकळ ही जुनी लुगडी व धोतरे यांच्या थरांवर धावदोरा घालून शिवली जाते. तिच्यातील रंग घरातल्या माणसांच्या वापरातून आलेले असतात. मूळचे गोव्यातून स्थलांतरित झालेले उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी समाजाचे लोक शिवतात ती कवंदी कडेकडून मध्याकडे भरत नेली जाते. तिच्या कोपऱ्यांवरील कापडाच्या घड्यांना ‘फुला’ म्हणतात व त्यांच्यावाचून कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. या परंपरा अमेरिकी कलात्मक गोधडीहून स्वतंत्रपणे वाढल्या आहेत. तथापि जीज बेंडप्रमाणेच हाती असलेल्या जुन्या कापडांतून रंगांचा मेळ साधणे हे त्यांचे समान वैशिष्ट्य आहे.