विकास व पर्यावरण : पदव्युत्तर अभ्यास
विकासाचा लाभ व निसर्गावरील भार यांचा एकत्रित विचार करणारी बहुविद्याशाखीय अध्ययनशाखा. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, परिस्थितिकी व क्षेत्रकार्य ही तिची प्रमुख अंगे. मराठवाड्यात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा तुळजापूर येथील परिसर (स्था. १९८६) ग्रामीण विकासाच्या शिक्षणासाठी महत्त्वाचा आहे. परदेशी अध्ययनासाठी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती मिळते.

जालना जिल्ह्यातील अंबड तालुका या विषयाची जिवंत प्रयोगशाळाच होय. दक्षिणेस गोदावरी, जायकवाडी धरणाच्या डाव्या कालव्याखालील ऊस व मोसंबी आणि कालव्यापलीकडची कोरडवाहू शेती येथे शेजारी नांदतात. पाण्याच्या न्याय्य वाटपाचा जागतिक प्रश्न येथे शिवारातच अभ्यासता येतो. म्हणून स्थानिक विद्यार्थ्यांचा अनुभव या शाखेला मोलाचा ठरतो.