सहस्रवर्षांचे राज्य : एका अध्यायाच्या अर्थनिर्णयाचा इतिहास

ग्रीक भाषेतील ‘बासिलैया’ या शब्दाचे दोन अर्थ होतात : राजाची सत्ता, आणि ती सत्ता ज्या भूमीवर चालते तो प्रदेश. मराठीतील ‘राज्य’ या शब्दातही हे दोन्ही अर्थ नांदतात. त्यामुळे ‘देवाचे राज्य’ ही संज्ञा मराठी वाचकास सुगम वाटते. परंतु मुळातील संदिग्धताही तिच्यात तशीच कायम राहते. देवाची सत्ता आजच प्रवर्तत आहे, की ती पुढे नियत काळी व नियत भूमीवर स्थापन व्हावयाची आहे? पाचव्या शतकाच्या आरंभापर्यंत ख्रिस्ती आचार्यांत या प्रश्नावर जो वाद झाला, त्याचे केंद्र प्रकटीकरण या ग्रंथाचा विसावा अध्याय हे होते.

या कल्पनेचे एक महत्त्वाचे मूळ दानीएलाच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायात आहे. चार श्वापदांच्या रूपाने चार साम्राज्ये येतात व जातात, आणि अखेरीस अक्षय राज्य मनुष्याच्या पुत्रासारख्या दिसणाऱ्या पुरुषास मिळते. ग्रीक राजा चौथा अँटायोकस याने यहुद्यांचा छळ चालविला असताना, म्हणजे इ. स. पू. १६७ ते १६४ च्या सुमारास, या ग्रंथास आजचे स्वरूप आले, असे बहुतेक संशोधक मानतात. प्रकटीकरणाची पार्श्वभूमी तशीच आहे. आयरेनियसच्या साक्षीनुसार त्यातील दर्शन डोमिशियन (इ. स. ८१–९६) या रोमन सम्राटाच्या कारकीर्दीच्या अखेरीस झाले. ज्या सात मंडळ्यांना तो ग्रंथ उद्देशून आहे त्यांपैकी पर्गम येथे सम्राट ऑगस्टसच्या पूजेचे मंदिर होते. ग्रंथकर्ता त्या नगरात सैतानाचे आसन असल्याचे सांगतो. विसाव्या अध्यायात सैतान बांधला जातो, रक्तसाक्षी पुन्हा जिवंत होतात आणि ख्रिस्ताबरोबर राज्य करतात. ‘हजार वर्षे’ हा उल्लेख तेथे अवघ्या सहा वचनांत सहा वेळा येतो.

दुसऱ्या शतकातील अनेक आचार्यांनी हे वर्णन शब्दशः घेतले. पापियसने त्या काळातील द्राक्षवेलींच्या अलौकिक समृद्धीची परंपरा सांगितली. ती आयरेनियसने सुमारे इ. स. १८० मध्ये आपल्या पाखंडखंडनाच्या पाचव्या खंडात जतन केली. जड सृष्टी हीन मानणाऱ्या पंथांविरुद्ध, देवाने निर्मिलेली ही पृथ्वीच उद्धरली जाणार, हे त्यास प्रतिपादावयाचे होते. जस्टिननेही पुनर्निर्मित यरुशलेमातील राज्याचा पुरस्कार केला; मात्र अनेक सश्रद्ध ख्रिस्ती जनांना हे मत मान्य नाही, हेही त्याने प्रांजळपणे नमूद केले.

पुढे हे मत मागे का पडले? छळ थांबून राजाश्रय मिळाल्यावर भावी राज्याची गरज उरली नाही, असे उत्तर सामान्यतः दिले जाते. ते अपुरे आहे. भौतिक राज्याच्या कल्पनेवर प्रखर टीका करणारा ओरिजेन हा स्वतः छळाचा बळी होता : त्याच्या पित्याचा वध झाला, आणि इ. स. २५० च्या छळात त्यासही यातना भोगाव्या लागल्या. त्याच्याच परंपरेतील अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने इजिप्तमधील आर्सिनोए येथे नेपोसच्या अनुयायांशी तीन दिवस चर्चा करून त्यांचे मतपरिवर्तन घडविले. प्रकटीकरणाची ग्रीक भाषा योहानकृत शुभवर्तमानाच्या भाषेहून भिन्न आहे, हेही त्याने दाखविले. त्यासही इ. स. २५७ मध्ये हद्दपारी सोसावी लागली. अर्थात् हे परिवर्तन राजाश्रयापूर्वीचे असून त्याचे मूळ ग्रंथार्थाच्या पद्धतीत आहे.

राजाश्रयाने दुसरा प्रश्न निर्माण केला. इ. स. ३१३ नंतर छळाच्या जागी संरक्षण आले. कॉन्स्टंटाइनच्या कारकीर्दीच्या तिसाव्या वर्षाच्या उत्सवात युसेबियसने जे भाषण केले, त्यात सम्राटाची एकछत्री सत्ता ही स्वर्गीय राज्याची प्रतिकृती ठरली. ज्या रोमला प्रकटीकरणाने श्वापद म्हटले, तोच रोम आता देवाच्या राज्याचे प्रतिबिंब झाला. हा विपर्यास सहस्रवर्षवादाहून अधिक धोक्याचा होता, कारण त्याने देवाचे राज्य एका राजवंशाच्या भाग्याशी जखडले.

इ. स. ४१० मध्ये अलारिकने रोम लुटले, तेव्हा या समीकरणाचा पाया हादरला. ‘देवाचे नगर’ या २२ खंडांच्या ग्रंथात (इ. स. ४१३–४२६) ऑगस्टीनने याचा निर्णय केला. विसाव्या खंडात त्याने पूर्वी स्वतः सहस्रवर्षवादी असल्याचे मान्य करून, टिकोनियसच्या पद्धतीने, हजार वर्षे म्हणजे ख्रिस्ताच्या पहिल्या आगमनापासूनचा मंडळीचा काळ, असा अर्थ लावला. मात्र या राज्यात आज गहू व निदण एकत्र आहेत. त्यांची निवड अंतीच होईल, असे त्याने बजावले. साम्राज्य तर त्या राज्याचे रूप नव्हेच.

यावरून दोन प्रश्न वेगळे ठेवणे अवश्य ठरते : राज्य भौतिक की आध्यात्मिक, हा एक; आणि त्याचा ऐहिक सत्तेशी संबंध कोणता, हा दुसरा. ओरिजेन आणि युसेबियस पहिल्या प्रश्नावर एकमत आहेत. दुसऱ्या प्रश्नावर मात्र आयरेनियस आणि ऑगस्टीन परस्परांच्या निकट येतात, कारण दोघांनीही विद्यमान साम्राज्यास देवाचे राज्य मानले नाही. केवळ सहस्रवर्षवादी आणि तद्विरोधी अशी विभागणी केल्यास हे साम्य दृष्टीआड होते, आणि या वादातील खरा ऐतिहासिक प्रश्न निसटतो.